दोन पुरुषांच्या प्रेमकथा, आणि शेवट गोड असण्याचा हट्ट

नीलमोहर (इंदूर) | शनिवार, रात्री ११:१०

मागच्या शनिवारी रात्री अडीच वाजता एक कादंबरी संपवली आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. आई जागीच होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "रडलास का रे?"
"नाही, पुस्तक वाचत होतो."
"कोणी गेलं का त्यात?"
"नाही गं, दोघांचं छान झालं शेवटी."
"मग रडायचं कशाला?"

याचं उत्तर तेव्हा देता आलं नाही. आठवडाभर डोक्यात घोळतंय, म्हणून हा धागा.

मी छत्तीस वर्षांचा. रामबागेत वाढलो, अजून तिथेच आईबरोबर राहतो. मी समलिंगी आहे. आईला चार वर्षांपूर्वी सांगितलं, इथे पहिल्यांदाच लिहितोय. ती कादंबरी दोन पुरुषांच्या प्रेमाची होती. अशा कादंबऱ्या मी गेली पाच-सहा वर्षं सपाटून वाचतोय, शंभराच्या वर झाल्या असतील. त्याबद्दल मराठीत कोणाशी बोललोच नाही, कारण वाचणारं कोणी आसपास आहे का हेच ठाऊक नाही.

कॉलेजात असताना हाती लागेल ते वाचायचो. खजुरी बाजारात जुन्या इंग्रजी पुस्तकांचे ढीग उपसायचो, मागचं कव्हर वाचून अंदाज घ्यायचो. पुस्तकं मिळाली, पण सगळ्यांची गत एकच. दोघांतला एक मरायचा, नाहीतर लग्न करून मोकळा व्हायचा, नाहीतर गाव सोडून जायचा. ताईने पुण्याहून सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' आणून दिली. २००६ साली आलेलं पुस्तक, माझ्यापर्यंत पोचायला तीन वर्षं लागली. कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घालून वाचलं. त्यातला तनय माझ्याच भाषेत, माझ्यासारख्याच घरात बसून बोलत होता. ते पुस्तक मी आजही कोणाला देत नाही. पण ज्याच्यावर तनयचा जीव जडतो तो भाडेकरू तिथेही निघूनच जातो. मला जे हवं होतं ते फार साधं होतं. दोन पुरुष एका घरात राहतायत, रविवारची सकाळ आहे. पोहे कोण आणायला जातं? पंख्याचं बटण कोण बंद करतं? एवढंच कोणीतरी लिहून दाखवायला हवं होतं.

११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा लागू केलं, तेव्हा मी ऑफिसात जेवणाचा डबा उघडून बसलो होतो. शेजारचे सहकारी त्यावर जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्या रात्रीनंतर दोन-तीन वर्षं मी या विषयावरचं काहीच वाचलं नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला ते कलम सज्ञान माणसांच्या संमतीपुरतं गेलं, आणि तरी लगेच काही वाचावंसं वाटलं नाही.

मग २०२० चा लॉकडाउन. फोनवर 'रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू' उतरवलं. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा मुलगा आणि इंग्लंडचा राजपुत्र. माझ्या आयुष्याशी काडीचा संबंध नाही, पण एका बैठकीत संपवलं आणि सकाळी परत पहिल्या पानापासून सुरू केलं. त्यानंतर ॲलेक्सिस हॉलचं 'बॉयफ्रेंड मटेरियल', ॲलिस ओसमनच्या 'हार्टस्टॉपर'चे चित्रमय भाग, आणि मग थांबलोच नाही.

या प्रकारात एक अट असते, ती मला उशिरा कळली. प्रेमकथा मध्यवर्ती हवी आणि शेवट सुखाचा, निदान आशेचा तरी हवा. तसं नसेल तर वाचक त्याला रोमान्स मानतच नाहीत. रहस्यकथेत खुनी सापडणार हे ठरलेलं असतं, तसंच हे. पानं उलटताना मला आधीच माहीत असतं की या दोघांपैकी कोणी मरणार नाही. त्या भरवशावरच मी त्यांचं भांडण, दुरावा, घरच्यांशी झगडा, सगळं वाचू शकतो.

तर विचारायचं हे: इथे अजून कोणी वाचतं का? काय आवडतं? आणि मराठीत असं काही आहे का, ज्याचा शेवट गोड आहे?

---

गौरी_वि (इंदूर) | शनिवार, रात्री ११:४८

मी वाचते! चाळिशीची, दोन मुलांची आई. नवऱ्याला माहीत आहे.

बायका हे का वाचतात असं विचारतात, तर माझं कारण सांगते. स्त्री-पुरुषांची प्रेमकथा वाचताना मी सतत हिशेब करत असते. ही नोकरी सोडणार का, सासूचं काय, मूल झाल्यावर रात्री कोण उठणार. तो मनगट धरतो तिथे लेखिकेला रोमँटिक वाटतं आणि मला भीती वाटते. दोन पुरुषांच्या कथेत कोणाचं काय काम हे आधीपासून ठरलेलं नसतं. स्वयंपाक कोण करणार हे त्यांना बोलून ठरवावं लागतं. ते बोलणं वाचायला मला अतोनात आवडतं.

लिहिणाऱ्यांतही बायका खूप आहेत, आणि ते आजचं नाही. १९७० च्या दशकात 'स्टार ट्रेक' या अमेरिकी मालिकेच्या चाहत्या बायका त्यातल्या कर्क आणि स्पॉक या दोन पुरुषांच्या प्रेमाच्या गोष्टी लिहून, सायक्लोस्टाइल केलेल्या चोपड्यांतून एकमेकींना पाठवायच्या. दोन नावांमधल्या तिरक्या रेघेवरून त्या लेखनाला 'स्लॅश' नाव पडलं. जपानी मुलींच्या मासिकांतही त्याच दशकात हे सुरू झालं होतं.

पण नीलमोहर, एक शंका मनात असते ती विचारते. तुमचं जगणं आमच्या विरंगुळ्याची वस्तू होतंय असं तुम्हाला वाटतं का? खरं सांगा, राग येणार नाही.

---

नीलमोहर | रविवार, सकाळी ७:३०

गौरीताई, कधीकधी वाटतं. काही पुस्तकांत ते दोघं पुरुष वाटतच नाहीत, एकाला नुसतं नायिकेच्या जागी बसवलेलं असतं. दहा पानांत कळतं, मी ठेवून देतो. पण बाईने लिहिलंय म्हणून खोटं आणि पुरुषाने लिहिलंय म्हणून खरं, असं माझ्या वाचनात निघालं नाही. आणि तुम्ही विरंगुळा म्हणून वाचता वाचता दोन पुरुषांच्या घरातल्या भांड्यांची काळजी करायला लागला असाल, तर मला तुम्ही शेजारी चालाल.

---

शालिनी_सुदामानगर | रविवार, दुपारी ३:०५

मी निवृत्त शिक्षिका. वय एकसष्ट. या विषयावरचं मी एकच पुस्तक वाचलं आहे, तेही 'कोबाल्ट ब्लू'च. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' तरुणपणी पाहिलं होतं, १९८१ चं नाटक. त्यातल्या मित्रा नावाच्या मुलीचा शेवट बघून आम्ही मैत्रिणी गप्पच घरी आलो होतो. त्या वेळी वाटलं, अशा मुलींचं असंच होत असेल. कोणी वेगळं दाखवलंच नव्हतं.

गोड शेवटाबद्दल मात्र बोलण्याचा मला अधिकार आहे. आमच्या वेळी कौटुंबिक कादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांना नाकं मुरडायचे. वाचनालयात पुस्तक बदलायला गेलं की ग्रंथपाल दुसरंच काहीतरी पुढे सरकवायचे, "हे वाचा, चांगलं आहे." म्हणजे आमचं वाईट. त्यांना कधी कळलं नाही की दिवसभर राबून आलेली बाई रात्री अर्धा तास अशा घरात जाऊन बसते जिथे शेवटी तिचं कोणीतरी ऐकून घेतं. ज्याचं आयुष्यात सगळं नीट आहे त्याला शोकांतिका परवडते.

तुमच्या आईंनी विचारलेला प्रश्न मला फार आवडला. त्यांना माझा नमस्कार सांगा.

---

देवासकर | रविवार, रात्री ९:२०

हा धागा इंदूरच्या माणसाने काढलाय आणि अजून कोणी फॉर्स्टरचं नाव घेतलं नाही, म्हणून लिहितो.

इंग्रज कादंबरीकार इ. एम. फॉर्स्टर पहिल्यांदा देवासला आले १९१२ च्या डिसेंबरात. पुढे १९२१ मध्ये थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खाजगी सचिव म्हणून काही महिने इथेच राहिले. त्यांच्या 'द हिल ऑफ देवी'मधली टेकडी म्हणजे आपली चामुंडेची टेकडी, जिच्या पायथ्याशी पुढे कुमार गंधर्वांचं घर झालं. इंदूरहून चाळीसेक किलोमीटर.

आता दोन तारखा शेजारी ठेवा. पहिल्या भारतभेटीनंतर इंग्लंडला परत गेल्यावर, १९१३ मध्ये, ते एडवर्ड कार्पेंटर यांच्या घरी गेले. कार्पेंटर आणि जॉर्ज मेरिल हे दोन पुरुष तिथे उघडपणे एकत्र संसार करत होते. ते घर बघून फॉर्स्टरांनी 'मॉरिस' लिहायला घेतली आणि १९१४ मध्ये पुरी केली. छापली कधी? १९७१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर एक वर्षाने. म्हणजे ते देवासच्या राजवाड्यात हिशेबाच्या वह्या बघत होते तेव्हा ती कादंबरी लिहून सात वर्षं झाली होती, आणि थोड्या मित्रांपलीकडे कोणी वाचली नव्हती.

ती का छापता आली नाही, हे त्यांनी स्वतः पुस्तकाच्या शेवटच्या टिपणात लिहिलंय. शेवट सुखाचा करायचाच, नाहीतर लिहायचंच नाही, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. आणि त्याच शेवटामुळे पुस्तक अडलं. नायक गळफास घेऊन मेला असता तर छापणं सोपं गेलं असतं, असं त्यांचं म्हणणं. दोघं शिक्षा न होता सुखाने जगतात, म्हणजे गुन्ह्याची शिफारसच झाली. इंग्लंडातला तो कायदा सैल झाला १९६७ मध्ये.

अमेरिकेतही तेच. १९५० च्या दशकात बायकांच्या प्रेमावरच्या स्वस्त कादंबऱ्या निघायच्या, त्यांचा शेवट दुःखाचाच करा असं प्रकाशक बजावून सांगायचे, कारण सुखाचा शेवट असलेलं पुस्तक टपालखातं अश्लील म्हणून जप्त करेल ही धास्ती.

नीलमोहर, म्हणून तुमच्या कॉलेजातल्या ढिगात सगळे मरत होते. सगळं लेखकांच्या मनातून आलेलं नव्हतं. कितीतरी कायद्याने मारलेले होते.

---

नीलमोहर | रविवार, रात्री ९:४१

देवासकर काका, मी वर्षातून चार वेळा आईला टेकडीवर घेऊन येतो. मला यातलं काहीही माहीत नव्हतं.

---

बडोद्याचा_केदार | रविवार, रात्री १०:१५

आमच्या गावचं थोडं. भूपेन खख्खर १९६२ साली बडोद्याला आले आणि इथलेच झाले. पेशाने चार्टर्ड अकाउंटंट, अर्धवेळ कारखान्याचे हिशेब आणि उरलेल्या वेळात चित्रं. १९८१ च्या त्यांच्या 'यू कान्ट प्लीज ऑल' या चित्रात एक नागडा माणूस गच्चीत उभा राहून खालचं गाव बघतोय, आणि गावात बाप, मुलगा आणि गाढव यांची गोष्ट चालू आहे. लोक काय म्हणतील याची पर्वा सोडल्याचं चित्र. ते आता लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. कादंबरी नाही, पण पोहे कोण आणणार हा प्रश्न त्यांच्या चित्रांत जागोजागी भेटतो. म्हातारे, पोट सुटलेले, साधे पुरुष एकमेकांच्या जवळ बसलेले.

---

मध्यरात्र | सोमवार, रात्री १:५२

मी हे सगळं वाचतो आहे. पहिल्यांदा लिहितो.

वय बावन्न. लग्न २००१ मध्ये झालं. मुलगी कॉलेजात. घर झोपलं की फोनचा उजेड कमी करून याच कादंबऱ्या वाचतो, आणि तरीही माझा या गोड शेवटावर राग आहे.

त्यातला नायक अठ्ठावीस वर्षांचा असतो. त्याचं स्वतःचं घर असतं. मित्र असे, की त्याने सांगायच्या आत समजून घेतात. घाबरतो, पण तीनशे पानांत धीर येतो. मला बावन्न वर्षांत आला नाही. मी त्या पुस्तकात कुठे आहे? मी असलोच तर कोणाचा तरी भित्रा काका असेन, एका परिच्छेदापुरता.

आणि दुसरं. माझी बायको. तिचं काही चुकलं नाही. चोवीस वर्षं ती अशा माणसाबरोबर राहिली जो तिच्याशी कधी वाईट वागला नाही आणि कधी पूर्ण तिचा झाला नाही. दोघांचं जमलं आणि पुस्तक संपलं, पण ज्या बाईला बाजूला ठेवून जमलं ती शेवटच्या पानावर कुठे गेलेली असते? 'कोबाल्ट ब्लू' मला खरी वाटते ती यासाठी, की अर्धं पुस्तक तनयच्या बहिणीचं, अनुजाचं आहे. एकाच माणसाने दोघांना फसवलं आणि दोघांनाही बोलायला सारखी पानं मिळाली.

मला उत्तर नको आहे. लिहायचं होतं.

---

शालिनी_सुदामानगर | सोमवार, सकाळी ६:२०

वाचलं. पहाटेच्या चहाबरोबर दोनदा वाचलं. तुम्ही लिहीत राहा, वेळ कुठलीही असो.

---

गौरी_वि | सोमवार, सकाळी ११:३०

मध्यरात्र, उत्तर नको म्हणालात म्हणून देत नाही, एक पुस्तक सांगते. फरहाद दादीबुर्जोर यांचं 'द अदर मॅन', २०२१ चं. मुंबईतला वेद घरच्यांच्या दबावाखाली एका मुलीशी लग्नाला होकार देतो आणि मग त्याला कार्लोस भेटतो. काळ ३७७ च्या निकालाच्या सुमाराचा. हलकंफुलकं आहे, श्रीमंत घरातलं आहे, तुमचा राग त्याने शांत होणार नाही. पण वाचताना माझं सगळं लक्ष त्या होकार मिळालेल्या मुलीकडेच होतं. तुमच्या बायकोच्या वयाच्या बाईची बाजू कोणी लिहिली तर मी पहिली विकत घेईन.

---

अक्षरजुळणी (इंदूर) | सोमवार, संध्याकाळी ६:०५

मी अनुवादाची कामं करते, बहुतेक सरकारी आणि औषधांच्या माहितीपत्रकांची. नीलमोहर यांनी मराठीत असं काय आहे विचारलं, त्यावर माझं म्हणणं आहे की मराठी या प्रकाराला इंग्रजीपेक्षा जास्त सोयीची आहे. अतिशयोक्ती नाही, उदाहरण देते.

इंग्रजीत दोन पुरुषांचा प्रसंग लिहिताना लेखक सर्वनामांत बुडतात. 'ही पुट हिज हँड ऑन हिज नी.' कोणाचा गुडघा? म्हणून बिचारे दर ओळीत नावं घेतात. मराठीत बघा: "त्याने आपला हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला." संपलं. आपला म्हणजे करणाऱ्याचा, त्याच्या म्हणजे दुसऱ्याचा.

दुसरं, क्रियापद. 'आय लव्ह हिम' म्हणणारा कोण आहे ते इंग्रजीत कळत नाही. "मी त्याच्यावर प्रेम करतो" म्हटलं की त्या 'करतो'मध्ये सगळं आलं. मराठी माणसाला हे वाक्य लपून म्हणताच येत नाही.

अडचण आहे ती शब्दांची. 'बॉयफ्रेंड'ला काय म्हणायचं? 'प्रियकर' म्हटलं की नाट्यगीत सुरू होईलसं वाटतं. 'जोडीदार' बरा आहे, पण भागीदारीच्या धंद्याचाही वास येतो. 'पार्टनर' रुळलाय, पुण्याचे बिंदुमाधव खिरे यांच्या मराठी कादंबरीचं नावच 'पार्टनर' आहे. आमच्या आजीची पिढी नवऱ्याला नुसतं 'आमचे हे' म्हणायची, आणि त्यात जे होतं ते कुठल्याच शब्दात नाही.

आणि अहो-जाहो! इंग्रजीत सगळेच 'यू'. मराठीत दोन मोठे पुरुष नव्याने भेटले की 'तुम्ही' म्हणतात, आणि एका क्षणी त्यातला एक 'तू' म्हणतो. मूळ पुस्तकात तो क्षण लिहिलेलाच नसतो. अनुवादकाला शोधावा लागतो. दोनच पानं करून बघा, मग सांगा.

---

नीलमोहर | पुढचा रविवार, सकाळी १०:५०

करून बघितलं. शनिवारी संपवलेल्या त्याच कादंबरीतली दोन पानं. परवानगी घेतलेली नाही म्हणून नाव देत नाही आणि मजकूर इथे टाकत नाही, प्रसंग तेवढा सांगतो. दोघं शेजारी. एकाच्या घरात पाणी गळतंय, दुसरा पाना घेऊन मदतीला येतो. नळ दुरुस्त होतो, बाही भिजते, पहिला त्याला आपला कोरडा शर्ट देतो. मग दोघं ओट्याशी उभे राहून चहा पितात. बस.

चार रात्री लागल्या. 'आपला' आणि 'त्याच्या'ने खरंच वाचवलं. 'ओटा' लिहिला आणि ते घर परदेशातलं राहिलंच नाही, थेट रामबागेत आलं.

आज सकाळी पोहे खाताना आईला वाचून दाखवलं. पोहे मीच आणले होते, जिरावण मसाला तिने वरून घातला. ऐकताना ती बशी हातात धरून बसली होती, खात नव्हती. मला वाटलं अवघडली असेल. वाचून झाल्यावर थोडा वेळ गेला, मग म्हणाली, "सगळं ठीक आहे, पण तू एक चूक केलीस. शर्ट देईपर्यंत ते 'तुम्ही' म्हणतायत आणि चहाला एकदम 'तू'. मध्ये काय झालं ते सांगितलंच नाहीस."

मी म्हटलं, मूळ पुस्तकात तसं काही नाही.

"मग तू घाल. तुझ्या बाबांनी मला पहिल्यांदा नावाने हाक मारली ती कुठे, हे मला आजही आठवतं."

आता मी दोन जागांमध्ये अडकलोय. एक, तो शर्टाची बटणं लावत असताना, पाठमोरा. "तुम्हाला घट्ट होतोय का?" च्या ऐवजी "तुला". दुसरी, चहात साखर घालताना, "किती घालू तुला?" आईचं मत साखरेला आहे. मला पाठमोरा असतानाच म्हणावंसं वाटतं, कारण तोंडासमोर त्याला धीर व्हायचा नाही.

तुम्ही सगळे सांगा. मध्यरात्र, तुम्हीसुद्धा.

---

मध्यरात्र | सोमवार, रात्री १२:४०

पाठमोरा.